घोंगडीखालचा हात

शुक्रवार पेठेत भांडं विकत घेतलं की त्यावर नाव घालून घ्यायची पद्धत होती. लग्नात दिलेला तांब्या कोणी दिला हे त्या तांब्यानेच जन्मभर सांगत राहिलं पाहिजे, नाहीतर देऊन उपयोग काय? ईश्वरप्पा कडगंची यांचं भांड्यांचं दुकान याच श्रद्धेवर तीस वर्षं चाललं होतं. छिन्नी-हातोडी घेऊन ते स्वतः नावं घालत. अक्षर मोत्यासारखं. देणाऱ्याचं नाव ठळक, घेणाऱ्याचं बारीक, आणि जागा उरलीच तर तारीख.

अशा माणसाच्या डोक्यात परोपकार शिरला, ही त्या वर्षी त्यांच्या बोळावर आलेली दुसरी आपत्ती. पहिली दुष्काळाची.

साल त्र्याहत्तर. पावसाने पाठ फिरवलेली. नळाला पाणी दिवसाआड, तेही बादली भरेपर्यंत टिकेल याची खात्री नाही. रेशनच्या दुकानात अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची आणि तिच्या भाकरी थापताना बायका अमेरिकेच्या नावाने बोटं मोडायच्या. त्या उन्हाळ्यात ईश्वरप्पा कुंभारी गावाला एका सोयऱ्याकडे गेले होते. वाटेत रस्त्याच्या कामावर खेड्यापाड्यांतून आलेली माणसं खडी फोडत बसलेली. एक म्हातारी वाळक्या भाकरीचे तुकडे पाण्यात बुडवून नातीला भरवत होती. नातीचं खाऊन झाल्यावर ते पाणी तिने स्वतः पिऊन टाकलं. ईश्वरप्पांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पाणी अगदी खरं होतं. त्यानंतरचं सगळं मात्र त्यांनी स्वतःच्या अकलेने केलं.

रीत जुनीच होती. सकाळी जोंधळे दळणाला काढताना एक मूठ देवाच्या नावाने बाजूला ठेवायची, ती मठाकडे जायची. ईश्वरप्पांनी ठरवलं, यंदा ही मूठ दुष्काळी माणसांसाठी. दर सोमवारी गोळा करायची, हातगाडीवर घालायची आणि कुंभारीच्या कामावर नेऊन वाटायची. इथपर्यंत कोणी नावं ठेवू नयेत असं काम. पण नुसतं चांगलं काम ईश्वरप्पांना पचत नसे. त्यांनी बोळातल्या सव्वीस घरांसाठी सव्वीस जर्मनचे डबे दुकानातून काढले आणि आठ दिवस खपून प्रत्येक झाकणावर त्या त्या घराचं नाव घातलं. खाली, "सप्रेम भेट, ईश्वरप्पा मल्लप्पा कडगंची." सव्विसावा डबा त्यांच्या स्वतःच्या घरचा. त्यावरही तेच. ईश्वरप्पा कडगंची यांस ईश्वरप्पा कडगंची यांजकडून सप्रेम भेट.

"स्वतःच स्वतःला आहेर केलाय की," त्यांची बायको दाक्षायणी डबा उलटासुलटा करत म्हणाली.

"नियम म्हंजे नियम," ईश्वरप्पा म्हणाले. मनातून त्यांनाही ते जरा जास्तच वाटलं होतं. स्वतःवर हसायला ईश्वरप्पा कधी मागे हटत नसत; फक्त त्यांना हसू यायचं ते नेहमी उशिरा.

सोमवारी सकाळी बोळाच्या तोंडाशी बसवण्णाच्या देवळाच्या ओट्यावर डबे ओळीने मांडले जात. ईश्वरप्पा एकेक डबा उचलत, झाकणावरचं नाव खणखणीत वाचत, आत डोकावत आणि "वा!" म्हणून पोत्यात ओतत. हा "वा" डब्यातल्या धान्याप्रमाणे लहानमोठा होई. बायका पदराआडून ऐकत उभ्या असत. कोणाला केवढा "वा" मिळाला यावर पुढचा आठवडा निघे.

तिसऱ्या सोमवारी बसप्पाच्या घरचा डबा आला. बसप्पा ईश्वरप्पांचा शेजारी, भिंतीला भिंत लागून. चादरीचं सूत रंगवायच्या कारखान्यात तो वीस वर्षं कामाला होता. त्याचे हात कोपरापर्यंत कायम रंगलेले. कारखान्यात आज कुठला रंग चाललाय ते बोळातली पोरं त्याच्या हातांवरून सांगत. घरात बायको सावित्रम्मा आणि दोन मुली. ईश्वरप्पांनी झाकण काढलं. डबा जेमतेम निम्मा.

"सावित्रक्का," ईश्वरप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हात आखडता घेतला व्हय? का आमचा डबाच मोठा झाला?"

दोघीतिघी हसल्या. बाकीच्या हसल्या नाहीत. पण ईश्वरप्पांना हसणाऱ्या तेवढ्या ऐकू येत.

"फुडच्या सोमवारी बगा की, अण्णा," सावित्रम्मा म्हणाली आणि रिकामा डबा घेऊन गेली.

पुढच्या सोमवारी तिचा डबा असा शिगोशीग आला की झाकण बसेना. ईश्वरप्पांनी त्या दिवसातला सगळ्यात मोठा "वा" तिला दिला. घरी येऊन ते दाक्षायणीला म्हणाले, "बघितलंस? मान्साला नुसतं एक बोट लावायला लागतंय." दाक्षायणीने भाकरी काटवटीत अशी थापली की शेजारी ऐकू जावी.

त्याच सोमवारी बसप्पा पोतं हातगाडीवर चढवायला हात लावून गेला होता. ईश्वरप्पांची नजर त्याच्या हातांवर गेली. हात स्वच्छ. कोपरापर्यंत कुठे निळा नाही की तांबडा नाही.

"अरे वा, बसप्पा! हात झकास निघालेत की. साबण कंचा आणलास?"

"साधाच हाय, अण्णा," बसप्पा म्हणाला आणि हात धोतराला पुसून मागे घेतले.

ईश्वरप्पा तसेच दुकानात जाऊन बसले. दुपारी एका तांब्यावर कोणातरी जावयाचं नाव घालता घालता त्यांची छिन्नी अर्ध्या अक्षरावर थांबली. वीस वर्षांचा रंग. तो साबणाने जातो? कातडी बदलेल तेव्हा जाईल तो, आणि कातडी बदलायची तर महिना-दीड महिना रंगात हात न घालता जायला हवा. आणि ज्या गावात प्यायचं पाणी दिवसाआड, त्या गावात सूत बुडवायला पाणी देतंय कोण? ईश्वरप्पा रोज सकाळी पेपर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत. कुठल्या देशात कोणी कोणाची गादी उलथवली ते त्यांना पाठ असे. भिंतीपलीकडचा कारखान्यातून घरी बसलाय हे त्यांना कळलं नव्हतं. वर विचारलं काय, तर साबण कंचा!

जावयाचं नाव अर्धं टाकून ते घरी आले.

"दोन म्हैने झाले," दाक्षायणी म्हणाली.

"तुला ठाव हाय?"

"तुमास्नी सोडून अख्ख्या बोळाला ठाव हाय. सकाळी डबा घेऊन भायेर पडतोय, तळ्याकाठी सावली धरून बसतोय, सांजंला परत येतोय. डब्यात काय असतंय ते इचारू नगा. सावित्रक्का आदी नुसता सोमवार धरायची. मग गुरुवार आला, मग शनिवार. आता शुक्रवारबी धरलाय."

मागच्याच आठवड्यात ईश्वरप्पांनी सावित्रम्माच्या उपासांचं चारचौघांत कौतुक केलं होतं. "अशी बाई हाय म्हणून बोळात देवपण टिकलंय," असं काहीतरी ते म्हणाले होते.

"आणि आज डबा भरून आणला तो?"

"घरात व्हतं न्हवतं तेवढं वतलं. तुमी बोट लावलं की. पोरी सकाळधरनं पेजंवर हायत." दाक्षायणीचा आवाज चढला नाही, हे जास्त वाईट. "परवा नळावर चक्कर येऊन खाली बसली ती. मीच घरी नेऊन सोडली."

"मग मला सांगायचं न्हाय?"

"तुमच्या तोंडात तीळ भिजत न्हाय. दुसऱ्या दिवशी देवळात हुबं राहून नाव वाचलं असतं तुमी. आन बसप्पानं तिला बजावलंय, बोळात आपलं उघडं पडलं की घराला कुलूप, आन पोरी घेऊन टेंभुर्णीकडं खडी फोडायला. नळावर हुबी ऱ्हाता येत न्हाय तिला. ती उन्हात खडी फोडून जगंल का, सांगा तुमीच."

ईश्वरप्पा खांबाला टेकून बसले. सकाळी हातगाडीवरून कुंभारीला गेलेल्या पोत्यात बसप्पाच्या मुलींची भाकरी गेली होती, आणि ती पाठवणारा दानशूर खांबाला टेकून बसला होता. कर्णाने कवचकुंडलं दिली ती निदान स्वतःची तरी होती, असं त्यांच्या मनात आलं. उशिरा का होईना, हसू आलं. त्याला गोडी मात्र अजिबात नव्हती.

मग त्यांनी ठरवलं, आता सावधपणे करायचं. सावधपणा त्यांना नवा. अमावास्येचं निमित्त काढून त्यांनी दाक्षायणीला गव्हाची हुग्गी करायला लावली, खिरीसारखी, भरपूर गूळ घालून, आणि दुकानातलं सगळ्यात मोठं पातेलं आणून काठोकाठ भरून शेजारी पाठवलं. पातेलं उचलायला दोघं लागले. त्या दिवशी ईश्वरप्पांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या, इतकं समाधान झालं.

तिसऱ्या दिवशी पातेलं परत आलं. रिकामं भांडं शेजाऱ्याला परत पाठवू नये, ही रीत ईश्वरप्पांना ठाऊक नव्हती असं नाही. तिच्यावरच तर त्यांची निम्मी भांडी खपत. पण देण्याच्या भरात ती डोक्यातून गेली होती. पातेल्यात शेंगांची चटणी होती. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, तांबडीलाल. पातेलं मोठं, म्हणून चटणीही तशीच. तळाशी धड दिसणारही नाही एवढीच पाठवायची तर लाज वाटणार.

ईश्वरप्पांनी बोटभर चाटली. "झकास झालीया," तोंडातून निघून गेलं.

"व्हईलच," दाक्षायणी म्हणाली. "दोन दिस कुटत व्हती. माहेरनं आलेल्या शेंगा व्हत्या, तेवढ्याच ऱ्हायल्या व्हत्या घरात. रातच्याला पोरी मूठमूठ खाऊन झोपायच्या."

चाटायला नेलेलं दुसरं बोट ईश्वरप्पांनी मागे घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. लहान वाटीतून पाठवलं असतं तर निदान वाटीभरच शेंगा गेल्या असत्या.

त्या वेळी बनाबाई दारात शेळीचं दूध काढत बसली होती. ती सांगोल्याकडची धनगरीण. मेंढरं दुष्काळात विकली गेली, उरलेल्या चार शेळ्या घेऊन पेठेत दारोदार धारा काढून द्यायची. नवरा-बायकोचं बोलणं तिने सगळं ऐकलं होतं, आणि ऐकलं नाही असं दाखवायची तिला गरज वाटली नाही.

"तुमी शेरातली मान्सं लई उघड्यावर देताय बगा," ती म्हणाली. "आमच्याकडं बाजारात मेंढराचा भाव कसा करत्यात? रुमालाखाली. घेनाऱ्याचा हात, देनाऱ्याचा हात, वर रुमाल. बोटं दाबायची, भाव ठरला. भवती शंबर मान्सं हुबी ऱ्हात्यात, पर कुनाला कायबी कळत न्हाय. देनं बी तसंच करा की. देवळात घंगाळ ठिवा, वरनं माजी घोंगडी टाका. एकेकानं आत जायाचं, हात खाली घालायचा. कुनी टाकंल, कुनी घील. बगतंय कोन?"

"सगळीच घेतील मग! टाकील कोन?" ईश्वरप्पांनी विचारलं.

"मेंढरात बी येक लबाड असतंय. म्हनून कळप कोन मारत न्हाय."

ईश्वरप्पा विचारात पडले. "आणि नाव कुणाचं वाचायचं?"

"कुनाचंबी न्हाय."

"मग मी काय करायचं?"

"तुमी घरी बसायचं," दाक्षायणी म्हणाली. हा विचार तिला पहिल्यापासून पसंत दिसला.

डबे माळ्यावर गेले. देवळात पितळी घंगाळ आलं, वर बनाबाईची घोंगडी. ठरलं असं की सोमवारी एकेका घरातून एकाने पिशवी घेऊन आत जायचं. ज्याला द्यायचं त्याने द्यावं, ज्याला लागेल त्याने न्यावं, संध्याकाळी उरेल ते कुंभारीला. कोणी कोणाला विचारायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. ईश्वरप्पांना वाटलं, झालं, पुढच्या सोमवारपर्यंत सावित्रम्मा जेवेल.

दोन सोमवार गेले. घंगाळ दोन्ही वेळा भरून वाहिलं. घेतलं कोणीच नाही. कारण सोपं होतं आणि ते ईश्वरप्पांना ओट्यासमोरच्या पायरीवर बसून दुसऱ्या सोमवारी दिसलं. घोंगडीखाली काय झालं ते कोणाला दिसत नव्हतं, पण पिशवी सगळ्यांना दिसत होती. जाताना भरलेली, येताना रिकामी. जो भरली पिशवी घेऊन बाहेर येईल त्याचं नाव वाचायची काही गरजच उरणार नव्हती. सावित्रम्माही आली. तिची पिशवी फुगलेली होती. ती देवळात गेली, बाहेर आली तेव्हा पिशवी सपाट, आणि पिशवी फुगवायला आत कोंबलेलं जुनं लुगडं कमरेला खोचलेलं. एक मूठ तरी तिने टाकली असणार. कुठून आणली होती, देव जाणे.

"कुनीतरी पयल्यांदा भरली पिशवी घेऊन भायेर पडाय पायजे," दाक्षायणी त्या रात्री जेवताना म्हणाली. "मानूस बी असा पायजे, की ज्याची लाज गेली तर काय बिघडणार न्हाय."

ईश्वरप्पांना आधी वाटलं ती बनाबाईबद्दल बोलतेय. मग त्यांनी वर बघितलं. ती त्यांच्याकडेच बघत होती.

तिसऱ्या सोमवारी ईश्वरप्पा कडगंची रिकामी पिशवी घेऊन देवळात शिरले आणि भरली पिशवी घेऊन बाहेर आले.

देवळापासून घरापर्यंत चाळीस पावलं. ती ईश्वरप्पांनी रोज चारदा टाकलेली. त्या दिवशी ती संपेनात. पिशवी छातीशी धरावी तर लपवल्यासारखं दिसे, हातात लोंबती सोडावी तर मिरवल्यासारखं. खिडक्यांतून डोकी निघाली. चनमल्लप्पा मास्तर दाढी करत होते, त्यांचा वस्तरा गालावरच थांबला. "हे आपलं, बाकीच्यांना उदाहरण म्हणून," हे वाक्य ईश्वरप्पांच्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. ते त्यांनी आदल्या दिवशीच तयार करून ठेवलं होतं. पण दारात दाक्षायणी उभी होती आणि तिच्याकडे बघून ते वाक्य आल्या वाटेने परत गेलं.

उन्हं कलायच्या आत बोळाला कळलं, कडगंची अण्णांचं दुकान बसलं. एकाचं म्हणणं, दुष्काळात भांडी घेतंय कोण. दुसऱ्याचं म्हणणं, सव्वीस डबे फुकट वाटले तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं, विझायच्या आधी दिवा मोठा होतो. चनमल्लप्पा मास्तर मुद्दाम दुकानात आले, ईश्वरप्पांच्या खांद्यावर हात ठेवला, "धीर सोडू नका," म्हणाले आणि गरज नसताना एक झारा घेऊन गेले. गिऱ्हाइकं घासाघीस करेनाशी झाली. घासाघीस केल्याशिवाय विकलेलं भांडं ईश्वरप्पांना चोरून विकल्यासारखं वाटे. तीस वर्षं कमावलेली पत चाळीस पावलांत गेली होती, आणि खरं काय ते ओरडून सांगावं असं त्यांना दिवसातून दहा वेळा वाटे. न सांगितल्याने त्यांचं पोटसुद्धा बिघडलं.

एवढं मात्र झालं, की त्याच सोमवारी त्यांच्या मागून कोपऱ्यावरची निंगव्वा भरली पिशवी घेऊन निघाली, आणि तिच्या मागून आणखी एक घर. अण्णांना लाज नाही तर आपल्याला कसली! पण बसप्पाच्या घरून कोणी घेतलं नाही. सावित्रम्माचा शुक्रवार चालूच होता.

बुधवारी भर दुपारी, बोळ उन्हाने ओस पडलेला असताना, बसप्पा आला. ईश्वरप्पा जेवून ओसरीवर पडले होते. बसप्पा आत आला, इकडेतिकडे बघितलं आणि दार लोटून घेतलं. मग उपरण्यात बांधलेलं गाठोडं काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

"अण्णा, लाजू नगा," तो म्हणाला.

ईश्वरप्पा उठून बसले. गाठोड्यात जोंधळे होते आणि त्यात मिलोचे तांबडे दाणे मिसळलेले. फार तर दोन शेर असतील. निवडून, पाखडून, एकही खडा न राहिलेले.

"बसप्पा, हे काय रे?"

"काय न्हाय. परवा तुमास्नी पिशवी घेऊन जाताना बगितलं. जीव तुटला बगा, अण्णा. अवो, तुमच्यासारख्या मान्सावर ही पाळी! सावित्री म्हनली, भिंतीला भिंत हाय, आन आपण बगत बसायचं व्हय?" तो खाली बसला. "तुमच्यापासनं आता काय लपवायचं. माजं बी काम बंद हाय. तीन म्हैने व्हायला आले. रंगाच्या टाक्या कोरड्या पडल्यात. कुनाला बोललो न्हाय मी. आई शप्पत, मेलो असतो पर बोललो नसतो. पर तुमी घेतलं तवा मनात म्हनलं, अण्णा एवढा मोठा मानूस, त्येनं लाज गिळली, आन आपण कशाची ठिवलीया?"

ईश्वरप्पांनी तोंड उघडलं.

सगळं आत तयार होतं. अरे वेड्या, मला कशाचीही कमी नाही. माझ्या घरात कणगी भरलेली आहे. हे मी तुझ्यासाठी केलं, तुझ्या बायकोसाठी, माझी पत घालवून केलं. इतकं सुंदर वाक्य त्यांना आयुष्यात कधी सुचलं नव्हतं. ते बोललं असतं तर बोळात त्यांच्यासारखा माणूस झाला नव्हता असं बसप्पा जन्मभर सांगत राहिला असता. टेंभुर्णीला जाऊन सांगितलं असतं.

बसप्पा त्यांच्याकडे बघत होता. तीन महिन्यांत तो असा ताठ बसलेला ईश्वरप्पांनी बघितला नव्हता.

ईश्वरप्पांनी दोन्ही हात पुढे केले आणि ते गाठोडं घेतलं. "लई उपकार झाले, बसप्पा," ते म्हणाले. एवढंच म्हणाले. बोलता बोलता त्यांना रडू फुटलं, आणि ते अडवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. बसप्पाला वाटलं अण्णा गरिबीने रडताहेत. त्याने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "जातील, अण्णा. ह्येबी दिस जातील."

स्वैपाकघराच्या दाराआड दाक्षायणी उभी होती. बसप्पा गेल्यावर ती बाहेर आली, गाठोडं उचललं आणि जात्यावर बसली. त्या धान्याच्या भाकरी ईश्वरप्पांनी रात्री खाल्ल्या. प्रत्येक घास जड जात होता. देणाऱ्याला घास कधी जड जात नाही, हे त्यांना बावन्नाव्या वर्षी कळलं. इतकी वर्षं त्यांनी गावभर लोकांना असे घास भरवले होते, वर नाव घालून.

जाताना बसप्पा दारात थांबून एक सांगून गेला होता. "सोमवारी दोगं मिळून जाऊ, अण्णा. एकट्याचा पाय उचलत न्हाय माजा."

सोमवारी सकाळी दाक्षायणी सगळ्यांच्या आधी देवळात गेली आणि तीन पिशव्या घंगाळात ओतून आली. मग हे दोघं निघाले. एकेकाने आत जायचा नियम होता, पण बसप्पाने ईश्वरप्पांची बाही सोडली नाही. बसवण्णापुढे दोघं शेजारी शेजारी बसले, पिशव्या घोंगडीखाली सरकवल्या आणि हात आत घातले.

ईश्वरप्पांचा बेत ठरलेला होता. आपल्या पिशवीत नावाला एक मूठ टाकायची आणि बाकीच्या मुठी चाचपडत बसप्पाच्या पिशवीत. त्याच्या पिशवीत एक टाकली. दुसरी टाकली. तिसरी टाकताना त्यांच्या लक्षात आलं, आपली पिशवी जड होतेय. त्यांनी तर त्यात नावाची मूठही अजून टाकली नव्हती. घोंगडीखाली दुसरा एक हात त्यांच्या पिशवीचं तोंड शोधत होता, मूठ सोडत होता आणि परत घंगाळात जात होता. त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. बसप्पा समोर देवाकडे बघत होता, ओठ हलत होते, "नमः शिवाय" चाललं होतं. घरी दोन पोरी आणि उपाशी बायको असलेला माणूस भांडीवाल्या कडगंचीची पिशवी भरत होता.

ईश्वरप्पांनी आणखी दोन मुठी घाईघाईने त्याच्या पिशवीत टाकल्या. तिकडूनही दोन आल्या. हे असं दिवसभर चाललं असतं.

मग ईश्वरप्पांनी आपला हात थांबवला. बसप्पाचा चालू दिला. त्याच्या मनासारखं देऊन होईपर्यंत ते देवाकडे बघत गप्प बसून राहिले. शेवटी बसप्पाने स्वतःची पिशवी उरलेली भरून घेतली, गाठ मारली आणि म्हणाला, "चला, अण्णा."

दोघं भरल्या पिशव्या हातात घेऊन, भर उन्हात, सगळ्यांच्या देखत बोळातून घरी आले.